एसीएलच्या ऑपरेशननंतर आमचा गडी मैदानाकडे फिरकत नाही, आम्ही मित्रांनी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या मंडळाचा २४ वर्षांचा चढाईपटू, एमआयडीसीत कामाला. चैत्रात यात्रेच्या कबड्डीत गुडघा गेला, मे महिन्यात एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. आता साडेतीन महिने होत आले. दुखत नाही, चालतो नीट, पण संध्याकाळी मैदानावर येत नाही. फोन केला तर "बघू" म्हणून ठेवून देतो. डिसेंबर-जानेवारीत स्पर्धा आहेत आणि तोवर त्याला उभा करायचाच, असं मंडळातले काही जण म्हणताहेत. तुम्ही पाच-सहा जिवलग मित्र विचारताय की आपण नेमकं काय करावं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली जिल्ह्यात २२ वर्षं हेच काम करते, त्यामुळे कबड्डी आणि कुस्तीतली पोरं माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात. ऑपरेशन बहुतेकांचं चांगलंच झालेलं असतं. तरी काही जण परत खेळतात आणि काही जण कायमचे घरी बसतात. यातला फरक शोधायला गेले की मी दर वेळी एकाच ठिकाणी येऊन पोचते: त्या सहा-आठ महिन्यांत त्याच्या सोबत कोण होतं आणि ते काय करत होते. म्हणून तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. हा प्रश्न सहसा खेळाडूची आई विचारते, मित्र विचारत नाहीत.

तो का येत नाही, ते आधी समजून घ्या. मंडळात अशा वेळी "घाबरला" किंवा "आता लक्ष उडालं त्याचं" असं बोललं जातं. तसं नसतं बहुतेकदा. सात जणांच्या संघात त्याची जागा ठरलेली होती. अडचणीच्या वेळी चढाई त्याच्याकडे जायची, यात्रेत माईकवरून त्याचं नाव पुकारलं जायचं. गुडघा गेला आणि पुढच्याच सामन्यात त्या जागी दुसरा उभा राहिला. राहायलाच पाहिजे, संघ कुणासाठी थांबत नाही. पण काठावर उभं राहून ते बघताना पोटात काय होतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. वर भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "काय मग, कधी उतरायचं?" या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. माझ्याकडे येणारा एक मुलगा कारखान्यातून घरी जाताना मैदान टाळायचं म्हणून कालव्याच्या कडेने दीड किलोमीटर जास्त चालायचा. दुखऱ्या गुडघ्याने. हे त्याने मला तीन महिन्यांनी सांगितलं, तेही मान खाली घालून.

आता गुडघ्याचं. हे तुम्हा सगळ्यांना नीट कळलं पाहिजे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी डॉक्टर बहुतेक वेळा मांडीमागच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढून बसवतात. काही वेळा ती गुडघ्याच्या वाटीखालून घेतात. ही कंडरा नव्या जागी बसवली की लगेच लिगामेंट होत नाही. तिच्यात नव्याने रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू झिजतात आणि त्यांच्या जागी नवे विणले जातात. झिजण्याचा वेग विणण्यापेक्षा जास्त असतो तेव्हा, म्हणजे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती बसवली त्या दिवसापेक्षाही कच्ची असते. नेमकी त्याच वेळी सूज उतरलेली असते, लंगडणं थांबलेलं असतं, माणूस गाडी चालवायला लागलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, झाला की बरा. तुमचा मित्र तो काळ नुकताच ओलांडतोय. आतली वीण पक्की व्हायला वर्ष आणि त्याहूनही जास्त लागतं.

दुसरं म्हणजे मांडी. गुडघ्यात सूज आली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून जाणारा हुकूमच कमी होतो आणि तो स्नायू भराभर वाळतो. गुडघ्याच्या वाटीच्या वर १० सेंटीमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांना टेप लावली तर दोन-तीन सेंटीमीटरचा फरक मला नेहमी दिसतो. तो भरून काढायला महिनोन्‌महिने व्यायाम लागतो, आणि तो व्यायाम इतका कंटाळवाणा असतो की चांगले चांगले गडी त्यात हरतात. भिंतीला पाठ लावून बसणं, पायरीवर एका पायाने चढ-उतर, खुर्चीवरून एका पायावर उठणं. रोज तेच. शिट्टी नाही, गुण नाही, बघणारं कुणी नाही. ज्या पोराने आयुष्यभर सहा जणांच्या साखळीत व्यायाम केला, त्याला आपण एका खोलीत एकटं सोडतो आणि मग म्हणतो की तो नियमित करत नाही.

इथे तुमचं काम सुरू होतं.

माझ्याकडे एक डावा कोपरारक्षक यायचा. त्याचा मित्र ट्रॅक्टर चालवायचा, उसाचा हंगाम चालू होता. तरीही रोज संध्याकाळी साडेसातला तो ट्रॅक्टर या पोराच्या दारात उभा राहायचा. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा बघितलं. मित्र उंबऱ्यावर बसलेला, अंगावर उसाचं पाचट तसंच, समोर चिंचोक्यांची छोटी रास. एक सेट झाला की तो एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवायचा. बोलणं जवळपास काहीच नाही. एखाद्या वेळी पोरगं थांबलं की एवढंच, "अजून चार हायती." सगळे चिंचोके उजवीकडे गेले की चहा, आणि ट्रॅक्टर परत रानात. त्याला गुडघ्यातलं काही कळत नव्हतं आणि त्याने कधी मला काही विचारलंही नाही. ज्या दिवशी त्याला जमायचं नाही त्या दिवशी तो धाकट्या भावाला पाठवायचा. आठ महिन्यांत त्या पोराचे व्यायाम चुकलेले दिवस मी मोजले तर दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील.

तुम्ही पाच-सहा जण आहात. वार वाटून घ्या. सगळे एकदम जाऊ नका, घोळका गेला की त्याला हसून दाखवावं लागतं आणि तुम्ही निघाल्यावर तो आणखी खचतो. एकाने जायचं, पाऊण तास बसायचं, मोजायचं.

गेल्यावर एक गोष्ट डोळ्यांनी तपासा. त्याला खाटेवर पालथं झोपवा, गुडघ्याच्या वाट्या कडेच्या थोड्या आत आणि दोन्ही पाय कडेबाहेर सैल सोडलेले. मागून दोन्ही टाचा एका पातळीत दिसल्या पाहिजेत. ऑपरेशन झालेल्या पायाची टाच वर राहत असेल तर गुडघा अजून पूर्ण सरळ होत नाहीये, आणि साडेतीन महिन्यांनी हे चालणार नाही. फिजिओकडे त्याच आठवड्यात न्या. असं बहुतेक वेळा का होतं सांगू? घरातली माणसं मायेपोटी गुडघ्याखाली उशी देतात. आराम वाटतो आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्यायची. तुमच्यापैकी कुणी कधी पडला, तर हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

बोलायचं काय, यावर मी फार सांगणार नाही, फक्त तीन वाक्यं टाळा. "कधी उतरणार?" हे पहिलं. "अमक्याचं पण झालं होतं, तो सहा महिन्यांत खेळला" हे दुसरं. अमक्याच्या गुडघ्यात काय तुटलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. तिसरं, "तू नसलास तर संघाचं काही खरं नाही." हे कौतुक म्हणून बोललं जातं, पण ऐकणाऱ्याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. त्याऐवजी व्यायामाबद्दल विचारा. आज किती झाले, कालच्यापेक्षा जड वाटले का, पायरी दुखली का. या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे असतात, आणि उत्तर देता आलं की माणूस बोलायला लागतो.

मग त्याला मैदानावर आणा, पण रिकाम्या हाताने बसायला नको. त्याला काम द्या, आणि ते खरं काम असू दे. पाण्याच्या बाटल्या भरायला लावलंत तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. चढाईपटूकडे एक गोष्ट अशी असते जी प्रशिक्षकाकडेही कधी कधी नसते: समोरच्या बचावाकडे आत जाऊन बघायची नजर. त्याला फोनवर सराव टिपायला सांगा आणि नंतर सगळ्यांना बसवून दाखवायला सांगा. कोपरा कधी पुढे सरकतो, साखळी कुठे तुटते, नवा चढाईपटू निदान रेषेजवळ (चढाईत किमान जी ओलांडावी लागते ती रेषा) कोणत्या पायावर वळतो. ज्या मुलाला त्याची जागा मिळाली आहे, त्यालाच त्याच्याकडे शिकायला पाठवा. हे दोघांनाही जड जाईल. पण मी तीन मंडळांत हे करून बघितलंय आणि तिन्ही ठिकाणी जखमी गडी महिन्याभरात रोज यायला लागला. वरच्या कोपरारक्षकाने तर वही घातली होती. तालुक्यातल्या प्रत्येक चढाईपटूचं पान, कुणाचा कोणता पाय पुढे, बोनससाठी कोण जातो, ३० सेकंदांपैकी शेवटच्या दहात कोण घाबरतो. त्या वर्षी त्याचा संघ ती वही घेऊन खेळला. तो एकही सामना खेळला नाही, पण तो संघात होता.

आता अवघड भाग, डिसेंबरच्या स्पर्धेचा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक चढाईपटू होता, ऑपरेशनला साडेपाच महिने झालेले. मांडी भरत आली होती, धावायला लागला होता. गावच्या यात्रेत अंतिम सामना लागला आणि मित्र जर्सी घेऊन त्याच्या घरी गेले. "दोनच चढाया कर, बाकी आम्ही बघतो." गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलं आणि तो उतरला. दुसऱ्या चढाईत निदान रेषेवरून परत फिरताना पाय मॅटवर अडकला आणि गुडघा फिरला. कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता त्याला. ज्या जीपमधून त्याला सामन्याला नेलं, त्याच जीपमधून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला माझ्याकडे आणलं. जीपमधून उतरलेल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. दुसरं ऑपरेशन झालं. तो परत खेळला नाही.

त्या पोरांवर मी कधी रागावले नाही. त्यांचा जीव होता त्याच्यावर. चूक माझीही होती. खेळायला परतायची तारीख मी फक्त त्या मुलाला सांगितली होती, आणि अंतिम सामन्याच्या दिवशी २० वर्षांचा मुलगा एकटा "नाही" म्हणेल अशी अपेक्षा धरली होती. तेव्हापासून माझा नियम आहे. पहिल्याच भेटीत खेळाडूने दोन मित्रांना घेऊन यायचं. तारीख मी त्यांनाही सांगते, कारण अडवायचं काम त्यांचं आहे.

तुम्हाला मंडळात सांगायला आकडे देते. २०१६ मध्ये अमेरिका आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी मिळून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, १०६ रुग्णांचा, दोन वर्षं पाठपुरावा करून. त्यात असं दिसलं की ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी होत गेलं. ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पूर्ण न करता खेळायला गेलेल्यांत ३८ टक्क्यांना पुन्हा गुडघ्याची इजा झाली, चाचण्या पार करून गेलेल्यांत ६ टक्क्यांहून कमी जणांना. मे ते डिसेंबर म्हणजे सात महिने. नऊ महिने भरतात फेब्रुवारीत. पुढच्या चैत्रातल्या यात्रेपर्यंत अकरा महिने झालेले असतील. तेव्हा मंडळाच्या दादांसमोर आजच बसा आणि डिसेंबर-जानेवारीच्या यादीतून त्याचं नाव तुम्हीच काढायला लावा. ते काढलं हे त्याला कुणीतरी समोर बसून सांगा. त्याच्या डोक्यावरचं ओझं कसं उतरतं ते तुम्हाला तिथेच दिसेल.

नऊ महिने भरले म्हणजे परवाना मिळाला असंही नाही. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. एका पायावरची लांब उडी, सलग तीन उड्या, आडव्या-तिडव्या उड्या, सगळ्यात तोच हिशोब. या चाचण्या फिजिओसमोर करा, पण टेप धरायला आणि आकडे लिहायला तुम्ही उभे राहा. आकडा तुमच्या वहीत असला की मंडळात कुणी घाई करायला लागलं तर दाखवता येतो.

पैशाचंही बोलूया, कारण कितीही जवळचा मित्र असला तरी हे तो स्वतःहून काढणार नाही. कुस्तीपटू विनेश फोगाटचा गुडघा २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिची जिद्द मोठीच. पण तिथे प्रशिक्षक आणि फिजिओ आठवड्याचे सातही दिवस पाठीशी असतात. तुमचा गडी आठ तास मशीनसमोर उभा राहतो, आणि ऑपरेशननंतर पगार बंद झाला तर फिजिओचे पैसे सगळ्यात आधी वाचवले जातात. मी हे दर महिन्याला बघते: सहाव्या-सातव्या आठवड्यात पोरं यायची बंद होतात आणि विचारलं तर "बरं वाटतंय" म्हणतात.

तो ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कर्मचारी विम्याच्या कक्षेत असेल तर आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि हप्ते भरल्याची अट पूर्ण झालेली लागते. ती रजा त्याने लावली होती का, पैसे जमा झाले का, हे विचारा. राहिलं असेल तर तुमच्यातला जो कागदपत्रांत हुशार आहे त्याने त्याला घेऊन कार्यालयात जावं. मंडळाने वर्गणी काढायची ठरवली तर सत्कार करून पाकीट देऊ नका, फोटो तर नकोच. फिजिओकडे परस्पर भरा. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. पुढच्या वेळी हेलसिंकीला जायला लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. १९५२ मध्ये खाशाबा कांस्यपदक घेऊन आले.

मॅटवर परत उतरायची वेळ येईल तेव्हा पहिली भीती धावण्याची नसते, पकडीची असते. कुणीतरी घोट्याला झडप घालेल ही. गुडघा तयार असूनही मन तयार नसणं अगदी नेहमीचं आहे. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१४ मध्ये मांडला गेला, तेव्हा ऑपरेशननंतर स्पर्धात्मक खेळात परतणारे ५५ टक्केच निघाले, आणि मागे राहणाऱ्यांच्या कारणांत पुन्हा इजा होईल ही भीती फार वर आहे. ती घालवायला मित्रच लागतात. आधी रिकाम्या मॅटवर एकट्याच्या चढाया. मग समोर बचाव उभा, पण हात लावायचा नाही. मग नुसता स्पर्श. मग सांगून पकड: "डावा घोटा धरतोय," असं मोठ्याने म्हणायचं आणि धरायचं, तो "सोड" म्हणाला की त्याच क्षणी सोडायचं. न सांगता पकड सगळ्यात शेवटी. यातली प्रत्येक पायरी मी दोन-दोन आठवडे तरी घेते. घोटा धरायला असा गडी निवडा ज्याच्यावर त्याचा डोळे मिटून विश्वास आहे, मग तो संघातला सगळ्यात भारी पकड करणारा नसला तरी चालेल.

एक काळजीची गोष्टही सांगून ठेवते. तो नुसता गप्प असेल तर वरचं सगळं पुरेल. पण झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, दारू वाढली असेल किंवा "आता कशाला जगायचं" असं काही बोलत असेल, तर ते मैदानाच्या आठवणीचं दुःख समजून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन तुम्हीच लावून त्याच्या हातात दिलात तरी चालेल.

आज संध्याकाळी तुमच्यापैकी एकच जण जा. घरात कुणी काका-काकू असतील तर त्यांच्याशी दोन शब्द बोला, मग त्याच्या खोलीत बसा. स्पर्धेचा विषय काढू नका. फिजिओने दिलेला व्यायामाचा कागद कुठे आहे विचारा. उशीखाली नाहीतर गाडीच्या डिकीत सापडेल. तो समोर ठेवा, "पहिला कोणता?" विचारा, आणि मोजायला लागा.